व्याह्यांचा कान आणि शिलाईवाल्या बाईंची नाणी

…तर आपण चमच्यापाशी होतो. व्याही पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आलेले. लेकीचं लग्न अजून ठरायचं होतं, म्हणून पाहुण्यांवर जरा छाप पडावी या हिशोबानं मी शेजाऱ्याकडून चांदीचे चमचे मागून आणले होते आणि मोठ्या ऐटीत मांडले होते. व्याह्यांनी चमचा उचलला, दोन बोटांत लोंबता धरला, दुसऱ्या हाताच्या नखानं त्याला हळूच टिचकी मारली आणि मान तिरकी केली. मग चमचा जागेवर ठेवला, माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “घासताना जपून घासा हो. मुलामा पातळ आहे, आत पितळ आहे.”

मी म्हटलं, “अहो, ते शेजाऱ्याचे आहेत!”

“मग तर फारच जपून घासा.”

मला इतकं हसू आलं की घास घशात अडकला. आणि तेव्हाच मनात पक्कं केलं, लेक द्यायची ती याच घरात. जो माणूस चमच्याचीसुद्धा अब्रू चारचौघांत काढत नाही, कानात सांगतो, तो सुनेला काय दुखावणार?

असे हे आमचे व्याही. जन्म सगळा चांदीच्या पेढीवर गेला. मिसरूड फुटायच्या आधी कारखान्यात लागले ते फरशी झाडायला. चांदीच्या कारखान्यात कचरा फेकून देत नाहीत बरं का. झाडलेली धूळ गोणीत भरायची, ती पुढे जाळायची, गाळायची, आणि त्यातून चांदीचा कीस परत मिळवायचा. व्याही म्हणायचे, “आमच्या झाडूला लोकांच्या तिजोरीपेक्षा जास्त मान.” झाडता झाडता पोराच्या कानावर दिवसभर काय पडणार? ठोकणं, घासणं, नाणी मोजणं. कान तयार होत गेला. पुढे मालकांनी त्यांना जुनी चांदी विकत घेतात त्या खिडकीवर बसवलं, आणि तिथेच ते म्हातारे झाले.

बाकीची माणसं कसोटीला लावायची, पाण्यात बुडवून वजन करायची. व्याही आधी वाजवून बघायचे. नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं, पेन्सिलीनं कडेला टिचकी द्यायची, आणि डोळे मिटायचे. मी एकदा विचारलं, “अहो, पितळही वाजतंच की!” तर म्हणाले, “वाजतं ना. पण पितळेचा आवाज पडतो. चांदीचा पडत नाही, विरत जातो. कुठे संपला ते सांगता येत नाही.” एकदा मालकांनी पैज लावून दाराआडून एकेक नाणं फरशीवर टाकलं आणि व्याह्यांनी इकडे बसून खरंखोटं सांगितलं. एकही चुकलं नाही. तेव्हापासून सगळा बाजार त्यांना कानसेन म्हणायला लागला.

नोकरी संपली तशी खिडकी सुटली आणि कानसेनांचा कान रिकामा झाला. माणूस घरात नुसता येरझाऱ्या घालायचा. मग आमच्या जावयानं त्यांना मोबाईल घेऊन दिला, आणि व्याह्यांना त्यात लिलाव सापडला. घरबसल्या बोली लावायची, नाणं टपालानं दारात. स्वतः फारसं घ्यायचे नाहीत, पण बघायचे मात्र दिवसभर. कुठे खोटं नाणं दिसलं की लहान मुलाला मुंगळा सापडावा तसे खूश. “अगं, ये, हा बघ लबाड!” म्हणून विहीणबाईंना हाक.

हळूहळू इमारतीतले, गल्लीतले लोक यायला लागले. हल्ली चांदी घेऊन ठेवायचं वेड सगळ्यांनाच आणि फसायची भीतीही सगळ्यांनाच. व्याह्यांच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा खिडकी सुरू झाली. फुकट, वर चहा. आणि ऐकवायचे काय एकेक!

“भाव रोज कळतो. त्या भावापेक्षा स्वस्त चांदी कोण विकतो? एक चोर, नाहीतर दुसरा लबाड. तिसरा कुणी असलाच तर तो वेडा, आणि वेड्याला लिलाव जमत नाही.”

“फोटोत नुसतं नाणं असेल तर पुढे चला. विकणाऱ्याचं टेबल दिसलं पाहिजे, त्याचा अंगठा दिसला पाहिजे. ज्याला अंगठा दाखवता येत नाही तो आपल्याला अंगठाच दाखवणार.”

“शेकडो लोकांनी वाहवा केलीय म्हणता? कशाबद्दल केलीय ते वाचा. मोबाईलची कव्हरं विकून मिळवलेली वाहवा आहे ती!”

“वरच्या ओळीत चांदी, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चांदीचा मुलामा. मुंगी आधी वाचायची.”

मी लेकीकडे गेलो की तास न् तास बसून ऐकायचो. आमच्या गावच्या शाळेत मास्तर इतके रंगून बोलले असते तर मीही चार बुकं जास्त शिकलो असतो.

जावयानं त्यांना वजनाचा छोटा इलेक्ट्रिक काटा आणि जाडी मोजायचा चिमटा आणून दिला होता. व्याह्यांनी तो डबा कपाटावर ठेवून दिला. “आंधळ्याला काठी लागते. मला कशाला?”

आता एक गोष्ट सांगतो. ती मला मागाहून कळली, पण तुम्हाला आत्ताच कळायला हवी. व्याह्यांचा कान गेला होता. सगळा नाही. बोलणं ऐकू यायचं, गाडीचा भोंगा ऐकू यायचा. पण बारीक, उंच आवाज गेला होता. दाराची घंटी गेली, चिमण्या गेल्या, आणि चांदी गेली. बोटावर नाणं थरथरतंय ते कळायचं, आवाज शून्य. कुणाला म्हणून पत्ता लागू दिला नाही. फक्त विहीणबाईंना ठाऊक होतं. उभा जन्म त्या माणसाची टणटण ऐकून त्यांचाही कान तयार झालेला. टेबलाशी माणूस आला की त्या समोरच्या दारात कपड्यांच्या घड्या करत बसायच्या. व्याही नाणं वाजवायचे, डोळे मिटायचे, मग हळूच किलकिले करून दाराकडे बघायचे. विहीणबाईंचे हात घडी घालतच राहिले तर नाणं खरं. हात थांबले तर खोटं. दोघांत यावर कधी एक शब्द झाला नव्हता म्हणे. ना त्यांनी मागितलं, ना यांनी सांगितलं. आपोआप बसलेली घडी.

माझी लेक म्हणाली, “अप्पा, मला वाटायचं, आईंना कपड्यांच्या घड्यांचा फारच सोस.”

आता शिलाईवाल्या बाईंकडे वळू. कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं दुकान. दुकान कसलं, खोलीच ती. जुन्या एका मशीनवर गल्लीतले सगळे कपडे त्यांच्याच हातचे. कपड्याच्या कडा बांधणारं मोठं मशीन त्यांना घ्यायचं होतं. ते आलं की शाळेच्या गणवेशांचं काम मिळणार होतं. पण रोख रक्कम टिकायची नाही. त्याच म्हणायच्या, “घरात नोटा दिसल्या की माझा भाऊ उसने मागतो. चांदी मागायला त्याची जीभ रेटत नाही.” म्हणून त्यांनी सगळी शिल्लक घालून लिलावात चांदीची नाणी घेतली. पारदर्शक डब्यांत बंद, लखलखीत. त्या लिलावाची एक रीत होती. माल हातात आला की फोनवर ‘माल बरोबर’ हे बटण दाबायचं. तोवर विकणाऱ्याला पैसे जात नाहीत. एकदा दाबलं की मात्र विषय संपला.

बाई हुशार. बटण न दाबता आधी नाणी घेऊन व्याह्यांकडे गेल्या. नेमक्या त्या दिवशी विहीणबाई बहिणीकडे गेलेल्या. जावई कामावर, लेक बाजारात. व्याही एकटे. त्यांनी डबी उघडली, नाणं वाजवलं आणि सांगितलं, “खरं आहे.” त्या दिवशी आत काय झालं ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

आठवडा गेला असेल. मी लेकीकडे आलो होतो. दुपारची वेळ, टेबलाशी मी आणि व्याही, लेक चहा ठेवतेय, विहीणबाई आत काहीतरी चिरतायत. बाई आल्या त्या हसतच. हातात केकची पुडी.

“काका, आज मुदत संपतेय. म्हटलं, बटण दाबायचं ते तुमच्यासमोरच. तोंड गोड करून.”

“अहो, कशाला हे!” व्याही म्हणाले, पण पुडीकडे काही बघितलं नाही. मला तेव्हा वाटलं, गोड बंद झालंय वाटतं यांचं.

बाई माझ्याकडे वळल्या. “यांच्याच नियमांनी घेतली हो मी. टेबल बघितलं, अंगठा बघितला, भाव बघितला, मुंगीसुद्धा वाचली.” असं म्हणत त्यांनी पर्समधून एक डबी काढली, मला दाखवायला म्हणून उघडली, आणि नाणं हातातून निसटलं. खाली फरशीवर पडलं, एकदा उसळलं, गोल फिरलं आणि खुर्चीच्या पायाशी बसलं.

आतली सुरी थांबली. विहीणबाई दारात आल्या. हातात अर्धं गाजर.

“काय पडलं?”

“काही नाही काकू, माझं नाणं.”

“कसलं?”

“चांदीचं.”

विहीणबाई पटकन बोलून गेल्या, “छे, ते चांदीचं नाही.”

बाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. लेक चहाचं भांडं हातात घेऊन उभी. मला तर गंमतच वाटली आधी, म्हटलं, वा, विहीणबाई पण कानसेन!

तेवढ्यात व्याही ओरडले. त्या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

“तुला काय कळतंय त्यातलं? आत बसून गाजर चिरता चिरता परीक्षा करतेस? मी वाजवून बघितलंय ते! जन्म काढलाय मी त्यात!”

विहीणबाई एक क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग गाजराकडे बघितलं. “तसं असेल. फरशी बदललीय ना, आवाज वेगळा येत असेल,” म्हणाल्या आणि आत गेल्या. फरशी बिरशी काही बदललेली नव्हती. नवऱ्याची लाज झाकायला बाई स्वतः खोटी पडली.

शिलाईवाल्या बाईंनी नाणं उचललं, पदरानं पुसलं. फोन हातात धरला.

“काका, मग दाबू ना?”

त्या फोन पुढे करून थांबल्या होत्या. स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज येत नव्हता. व्याह्यांनी एकदा रिकाम्या दाराकडे बघितलं.

“दाबा,” म्हणाले.

बाईंनी दाबलं. फोननं ‘टिंग’ केलं. केक कुणीच खाल्ला नाही. जाताना बाई ते नाणं टेबलावर ठेवून गेल्या. जावयालाही त्याच विकणाऱ्याकडून घ्यायची होती, म्हणून नमुना दाखवायला.

त्यानंतर व्याही खुर्चीतून उठेनात. मी गावाकडच्या दोन गोष्टी सांगून बघितल्या, एरवी पोट धरून हसतात अशा. मग एकाएकी त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि कपाटावरचा तो डबा काढला. मी म्हटलं, “अहो, पडाल!” तर ऐकूच आलं नाही, का ऐकलं नाही, कोण जाणे.

काट्यावर आधी स्वतःचं एक जुनं, खरं नाणं ठेवलं. मग बाईंचं. वजन तंतोतंत. त्यांचा चेहरा जरा सुटला. मग चिमट्यात आधी आपलं धरलं, मग बाईंचं. बाईंचं जाड निघालं. डोळ्यांना दिसणार नाही असं, पण जाड. आतला धातू चांदीपेक्षा हलका, म्हणून वजन भरायला नाणं फुगवावं लागतं, हे व्याह्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. चिमटा पुसून पुन्हा मोजलं. मग दोन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवून त्यांवर तळहात झाकला, जसं काही कुणी बघू नये.

“व्याहीबुवा,” तळहात न उचलता म्हणाले, “तुम्ही जाऊन सांगाल का त्यांना?”

“काय सांगू?”

“की… चुकलं म्हणून. मोजण्यात चुकलं म्हणून.”

“दुखणं तुमच्या पोटात, आणि ओवा मी खायचा? आणि मोजलं कुठे होतं तुम्ही?”

म्हटलं तर माझं बोलणं थट्टेचं होतं, पण ते त्यांना फार लागलं. मग हळूहळू, तुटक तुटक, कानाचं सगळं बाहेर आलं. घंटी, चिमण्या, चांदी. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या केकच्या पुडीकडे बघत होते. आत विहीणबाई ऐकत होत्या हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या बाहेर आल्या नाहीत. रात्री जेवताना त्यांनी नेहमीसारखं नवऱ्याला वाढलं. व्याही म्हणाले, “अगं, दुपारी मी…” त्या म्हणाल्या, “भात घ्या.” एवढंच बोलणं झालं.

जावयानं लिलाववाल्यांना फोन केला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, ‘आपण माल बरोबर असल्याचं कळवलेलं आहे.’ संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आपली जन्मभराची जमवलेली खरी नाणी रुमालात बांधली आणि मला म्हणाले, “नुसते बरोबर चला. बोलू नका.” मला न बोलायला सांगणं म्हणजे बैलाला चारा बघून तोंड मिटायला सांगणं, पण गेलो.

शिलाईवाल्या बाई एका झग्याला टाचण्या लावत होत्या. झगा कापडी पुतळ्यावर चढवलेला, आणि बाईंच्या ओठांत टाचण्यांची रांग. मानेनंच त्यांनी ‘बसा’ म्हटलं. बसायला एकच स्टूल, त्यावर कापडाचे तुकडे. व्याही उभेच राहिले.

टाचण्या तोंडात असलेल्या माणसाला मधे बोलता येत नाही. व्याह्यांना एका दमात सगळं सांगावं लागलं. कुणी ‘हो’ म्हणेना, ‘नाही’ म्हणेना. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की शेवटी शेवटी मलाच कान द्यावा लागला. नाणी खोटी आहेत म्हणाले. मला ऐकू येत नाही, आजवर बायकोच्या हातांकडे बघून सांगत होतो म्हणाले. कालही तीच बरोबर होती आणि मी तिला तुमच्यासमोर खोटं पाडलं म्हणाले. काल दाबा म्हणालो तेव्हा मला माहीत नव्हतं खरं काय ते, आणि माहीत नाही हे मात्र माहीत होतं, म्हणाले. मग रुमाल सोडून नाणी शिवणाच्या मशीनवर ठेवली. “ही खरी आहेत. मोजून आणलीत. तेवढीच आहेत.”

बाईंनी ओठांतली एकेक टाचणी काढून उशीत खोचली. घाई केली नाही. रस्त्यानं एक बाई कपडे द्यायला आली, आतले चेहरे बघून ‘नंतर येते’ म्हणून गेली. सगळ्या टाचण्या संपल्यावर त्यांनी त्या रुमालाकडे बघितलं, हात लावला नाही. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर शिव्या देतील, आणि त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर व्याह्यांना बरं वाटलं असतं. तसले माणूस आहेत ते.

बाई शांतपणे म्हणाल्या, “कालचं कळलं, काका. पण त्या पहिल्या दिवशी? काकू घरात नव्हत्या, तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मग खरं आहे असं कशावरून म्हणालात?”

व्याह्यांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो:

“तुमच्या चेहऱ्यावरून. मी नाणं वाजवलं, तुम्ही हसलात. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी तुमच्याकडेच बघितलं.”